मांडवी-जुवारीचा गाळ : खाणीची माती, पाण्याचा गढूळपणा आणि धातूंचा प्रश्न

नदीमुख (धागालेखक)

गोव्यातील खाणींवर चर्चा निघाली की ती न्यायालयाचे निकाल, लीज आणि रोजगार यांभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे. या साऱ्या काळात नद्यांच्या तळाशी काय साचत गेले, याचा विचार मात्र क्वचितच सविस्तर होतो. म्हणून हा धागा मांडवी आणि जुवारी यांच्या मुखप्रदेशातील गाळ, त्या गाळातील अल्पमात्र धातू आणि तिथल्या पाण्याचा गढूळपणा यांसाठी काढला आहे. अल्पमात्र धातू म्हणजे तांबे, जस्त, शिसे, निकेल, क्रोमियम, कोबाल्ट, कॅडमियम यांसारखे, दशलक्ष भागांत काही भाग एवढ्याच प्रमाणात असणारे धातू. लोह आणि मँगनीज त्यांच्या तुलनेत पुष्कळ असतात, परंतु या कथेत सूत्रे त्यांच्याच हाती आहेत.

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे आणि धारबांदोडा या तालुक्यांत लोहखनिजाचा पट्टा पसरलेला आहे आणि तिथले बहुतेक पाणी मांडवी किंवा जुवारी यांनाच येऊन मिळते. खनिज मुख्यतः हेमॅटाइट आणि गोएथाइट या लोहाच्या ऑक्साइडांचे असून काही भागांत त्याच्या जोडीला मँगनीजचे खनिजही सापडते. खाणी उघड्या खंदकांच्या असल्यामुळे एक टन खनिजामागे साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड बाजूला काढावे लागतात, आणि ते उतारांवर डंप होऊन उभे राहतात. त्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अनेक खंदक भूजलाच्या पातळीखाली गेलेले असल्याने त्यांतले पाणी पंपाने उपसून ओहोळांत सोडले जात असे. खनिज धुण्याच्या प्रकल्पांतून बारीक चिखल निघतो तो वेगळाच, आणि नदीकाठच्या जेटींवर रचलेले ढीग व बार्जमध्ये (सपाट तळाच्या मालवाहू होड्यांत) भरताना सांडणारी धूळ ही तर थेट पाण्यातच जाते. पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा दांडा जलवाहतुकीला धोकादायक होतो, तेव्हा मांडवीतील बार्ज कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. एका नदीतला माल दुसरीत सांडण्याची वाट त्यामुळे बारमाही खुली राहिली.

२०१०-११ च्या सुमारास गोव्याची लोहखनिज निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली होती. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने उत्खनन थांबवले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने वाट मोकळी केली आणि २०१८ च्या निकालानंतर १६ मार्चपासून काम पुन्हा थांबले. हा इतिहास इथे देण्याचे कारण एवढेच की खाणी चालू असलेली वर्षे आणि बंद असलेली वर्षे एकाच नदीत इतक्या स्पष्टपणे वेगळी करता येणे, ही अभ्यासकाला सहसा न मिळणारी संधी आहे.

आता गढूळपणा. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या दोन्ही नद्यांतील निलंबित गाळाचा ऋतूंनुसार अभ्यास केलेला आहे. त्यांतून दिसलेली महत्त्वाची गोष्ट अशी की गढूळपणाचा कमाल पट्टा पावसाळ्यात तयार होतो, तसाच पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांतही तयार होतो. मांडवीत तो मुखाकडच्या पात्रात असतो आणि जुवारीत मुखाशी असलेल्या रुंद उपसागरात. जुलैमधल्या गढूळपणाचे कारण कोणालाही उमगेल. एप्रिल-मेमध्ये मात्र नद्यांना वरून येणारे गोडे पाणी जवळजवळ नसते. तेव्हा पाणी गढूळ होते ते वारा, त्याने उठलेल्या लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह मिळून तळाचा जुना गाळ पुन्हा उचलतात म्हणून. उन्हाळ्यातला गढूळपणा म्हणजे, थोडक्यात, आधीच्या अनेक पावसाळ्यांत आलेला माल पुन्हा पुन्हा हाताळला जाणे होय.

माझे म्हणणे असे आहे की गाळात धातू किती, या एकाच आकड्यावर आपण निष्कर्ष काढू लागलो तर या नद्यांबाबत आपली फसगत होईल. तो धातू गाळातल्या कोणत्या घटकाला धरून आहे, आणि कोणत्या परिस्थितीत तो तिथून सुटेल, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत. गढूळपणाचा संबंध या दुसऱ्या प्रश्नाशी आहे. जाणकारांनी भर घालावी.

कलिल

विषय काढल्याबद्दल आभार. गढूळपणा आणि धातू यांचे नाते आकड्यांनी दाखवता येते, म्हणून एक साधे गणित मांडतो.

पाण्यात विरघळलेला धातू आणि गाळाच्या कणांना चिकटलेला धातू यांच्यात एक वाटणी ठरलेली असते. ती सांगणाऱ्या संख्येला वितरण गुणांक म्हणतात. समजा, एखाद्या धातूसाठी हा गुणांक प्रति किलोग्रॅम १,००,००० लिटर आहे. शिशासारख्या कणांना घट्ट धरणाऱ्या धातूंसाठी तो या घरात किंवा याहून अधिकही असू शकतो. लिटरमागे १० मिलिग्रॅम गाळ असेल तर अशा धातूचा निम्मा भाग पाण्यात आणि निम्मा कणांवर राहील. गाळ १०० मिलिग्रॅमवर गेला की सुमारे ९१ टक्के धातू कणांवर जाईल. पाणी दहापट गढूळ झाले, एवढाच बदल झाला. धातू नवा आलेला नाही, तरी त्याचा मुक्काम पाण्यातून गाळात हलला. ज्या धातूचा गुणांक १,००० च्या आसपास आहे त्याची गोष्ट निराळी. त्याच १०० मिलिग्रॅम गाळावर त्याचा फक्त ९ टक्के भाग बसेल आणि उरलेला पाण्याबरोबर समुद्रात निघून जाईल.

हे कण नुसते मातीचे कण नसतात, हेही इथे महत्त्वाचे. लोह आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावर धातूंचे अधिशोषण (चिकटून बसणे) फार चांगले होते, विशेषतः ते ऑक्साइड ताजे, बारीक आणि स्फटिकरूप न झालेले असतील तर. नदी गोड्या पाण्यातून लोहाचे जे अतिसूक्ष्म कलिल कण आणते ते सेंद्रिय द्रव्याच्या आवरणामुळे एकमेकांपासून दूर राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच, क्षारता अगदी कमी असतानाच, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाकडे जाऊ लागतात. वाटेत त्या इतर धातूंनाही गोळा करतात. कॅडमियम मात्र उलट वागतो, कारण क्लोराइडबरोबर त्याचे विरघळणारे संयुग बनते. नदीत कणाला चिकटून आलेला कॅडमियम खाऱ्या पाण्यात कणावरून सुटू शकतो. म्हणून "खाडी धातू अडवते" असे सरसकट विधान मी कधी करणार नाही. कोणता धातू, हे विचारल्याशिवाय ते विधान अपुरेच राहते.

खाजनकाठ

चर्चा वाचत आहे. रसायनशास्त्र माझा विषय नाही, पण आमची शेती खाजनात (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल खाऱ्या जमिनीत) आहे, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या झडपेच्या, दारांतून भरतीबरोबर येणारा तांबडा गाळ आमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. दोन प्रश्न विचारतो. खाणी बंद असलेल्या वर्षांतही गाळाचा रंग फारसा निवळलेला दिसला नाही, तो का? आणि गाळ जितका तांबडा तितका तो विषारी, असे गावात मानले जाते, त्यात तथ्य किती?

नदीमुख (धागालेखक)

खाजनकाठ, दोन्ही प्रश्न या विषयाच्या मुळाशी जाणारे आहेत.

पहिल्याचे उत्तर दोन भागांत आहे. खाण बंद झाली तरी डंप उतारावर जागच्या जागीच असतात, आणि झाडोरा धरून ते स्थिर होईपर्यंत प्रत्येक पावसात थोडे थोडे झिजत राहतात. दुसरा भाग नदीच्या पोटातला आहे. चालू वर्षांत आलेला बारीक गाळ एका पावसाळ्यात समुद्रात वाहून जात नाही. मांडवीत भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत, गांजे गावाच्या परिसरापर्यंत पोहोचतो, आणि कोरड्या ऋतूत खारे पाणी बरेच आत शिरते. त्या काळात मुखाजवळचा गाळ भरतीबरोबर आत आणि ओहोटीबरोबर बाहेर असा हिंडत राहतो. त्यातला काही चोडण, दिवाड यांसारख्या बेटांच्या काठच्या खारफुटीत, काही कालव्यांत आणि काही आपल्या खाजनांत विसावतो. भरतीबरोबर आत आलेला कण स्थिर पाण्यात खाली बसतो आणि ओहोटीचा प्रवाह त्याला उचलण्याइतका जोरदार नसला तर तो तिथेच राहतो. खाजनांची रचनाच अशी आहे की ती गाळ धरून ठेवतात. पूर्वी हीच त्यांची सुपीकता होती.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर: रंगावरून विषारीपणा ठरत नाही. तांबडेपणा हेमॅटाइटचा आहे आणि हेमॅटाइटच्या स्फटिकात अडकलेले लोह सहजासहजी कोणत्याही जीवाला मिळत नाही. खनिजाच्या धुळीत तांबे, जस्त किंवा कॅडमियम मुळात फार नसतात. कधी कधी तर अशी धूळ मोठ्या प्रमाणात मिसळल्याने या धातूंचे गाळातील प्रमाण सौम्यच होते. आपली काळजी योग्य आहे, पण तिची जागा मला दुसरीकडे वाटते.

खाजनातला गाळ वरून तांबडा असतो आणि बोटभर खाली उकरला की काळपट लागतो. त्या काळ्या भागात ऑक्सिजन संपलेला असतो. तिथले जिवाणू सेंद्रिय द्रव्य पचवताना ऑक्सिजनऐवजी आधी मँगनीजची आणि मग लोहाची ऑक्साइडे वापरतात. ऑक्साइडांचे असे क्षपण (त्यांतला ऑक्सिजन काढला जाणे) झाले की मँगनीज आणि लोह विरघळतात आणि त्यांच्या पृष्ठभागाला धरून असलेले इतर धातूही मोकळे होतात. म्हणजे जी ऑक्साइडे हवेशीर पाण्यात धातूंना पकडून ठेवत होती, तीच तळाच्या अंधारात त्यांना सोडून देतात. मग सल्फेटचे क्षपण सुरू होते, सल्फाइड तयार होते, आणि तांबे, शिसे, जस्त, कॅडमियम हे सल्फाइडबरोबर पुन्हा घट्ट बांधले जातात. मँगनीज मात्र सल्फाइडच्या फासात फारसे अडकत नाही. ते गाळातल्या पाण्यात वर सरकत राहते. मँगनीजयुक्त खनिजाच्या पट्ट्यातून येणाऱ्या नदीत मँगनीजकडे अधिक लक्ष द्यावे, असे मला त्यामुळेच वाटते.

भरतीओहोटी

एक शंका मांडतो. पावसाळ्यात या नद्या इतक्या जोराने वाहतात की मुखापाशीही पाणी काही काळ जवळपास गोडे होते. मग दरवर्षी तळ धुऊन निघत नाही का? आणि गाळातले सगळे धातू खाणींच्या नावावर टाकणे न्याय्य आहे का? दोन्ही नद्यांच्या काठी बार्ज बांधण्याची व दुरुस्तीची यार्डे आहेत, मुरगाव बंदर आहे, शहरांचे सांडपाणी आहे.

नदीमुख (धागालेखक)

पूर वरचा सैल थर नेतो, आणि नेलेले सगळे खोल समुद्रात जात नाही. नैर्ऋत्य वाऱ्यांच्या लाटा त्याच महिन्यांत मुखावर आदळत असतात आणि उथळ किनाऱ्यावरचा गाळ परत ढवळत असतात. पावसाळ्यातील कमाल पट्टा मुखाकडेच का बनतो, याचे एक कारण पुराचा जोर आणि समुद्राच्या लाटांचा जोर यांची ही गाठ आहे.

स्रोतांबद्दल आपला मुद्दा मान्यच आहे. जहाजांच्या तळाला जीव चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगांत तांबे असते आणि काहींत जस्तही. त्यामुळे यार्डाजवळच्या गाळात तांबे वाढलेले आढळले तर आधी तिकडे बघितले पाहिजे. शिशाचा इतिहास पेट्रोलशी जोडलेला आहे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, तेव्हा गाळाच्या उभ्या गाभ्यात (तळातून उभ्या नळीने काढलेल्या नमुन्यात) वरच्या भागात शिसे घटत गेलेले दिसले तर त्याचे श्रेय खाणबंदीला देण्याची घाई करू नये. खाणीचा ठसा शोधायचा तो लोह, मँगनीज आणि गाळाची चुंबकीय ग्रहणक्षमता (चुंबकाला तो किती प्रतिसाद देतो) यांच्या एकत्रित चढउतारात. चुंबकीय मोजणी स्वस्त आणि जलद असते आणि खनिजाच्या कणांना ती चांगली ओळखते.

जांभा

मी भूशास्त्राचा विद्यार्थी आहे. या चर्चेत "वाढले" हा शब्द अनेकदा येतो, पण कशाच्या तुलनेत वाढले, हे ठरल्याशिवाय त्याला अर्थ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक अहवालांत तुलनेसाठी सरासरी शेल खडकाचे आकडे घेतले जातात. ते १९६१ साली प्रसिद्ध झाले आणि आजही वापरले जातात: लोह ४.७२ टक्के, मँगनीज ८५०, जस्त ९५, क्रोमियम ९०, निकेल ६८, तांबे ४५, शिसे २० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग). दुसरीकडे, गाळ जीवसृष्टीला अपायकारक आहे की नाही याचा अंदाज बांधण्यासाठी १९९५ सालची अमेरिकी मार्गदर्शक मूल्ये लावली जातात. त्यांत निकेलचे खालचे मूल्य २०.९ आणि वरचे ५१.६ पीपीएम आहे. आता दोन्ही शेजारी ठेवून पाहा. जगातल्या सरासरी शेल खडकातले ६८ पीपीएम निकेल हे वरच्या अपायमर्यादेच्याही पुढे जाते! कोणत्याही माणसाने हात न लावलेला खडक या कसोटीवर "प्रदूषित" ठरतो.

गोव्याचा पृष्ठभाग जांभ्याचा. मुसळधार पावसात सहज विरघळणारी मूलद्रव्ये निघून जातात आणि लोह, ॲल्युमिनियम, क्रोमियम यांसारखी हट्टी मूलद्रव्ये मागे राहून दाट होतात. खाण नसती तरी इथल्या नदीच्या गाळात लोह आणि क्रोमियम जगाच्या सरासरीहून अधिक असते. म्हणून तुलना करायची ती याच खोऱ्यातील, खाणकामाच्या आधीच्या थराशी. त्यासाठी खारफुटीतल्या किंवा शांत कोपऱ्यातल्या गाळाचा उभा गाभा काढून शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाने त्याचे वय ठरवतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे असल्याने गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ त्याच्या आवाक्यात येतो, आणि गोव्यातील मोठ्या प्रमाणावरील खाणकामाचा इतिहास त्यात पूर्ण बसतो. गाळ वारंवार ढवळला जातो तिथे मात्र हे घड्याळ चालत नाही, म्हणजे गढूळपणाच्या कमाल पट्ट्यात गाभा काढून काळाचा हिशेब मांडणे व्यर्थ आहे.

आणखी एक. बारीक कणांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून चिखलात धातू जास्त आणि वाळूत कमी असणे हे स्वाभाविक आहे. हा फरक काढून टाकण्यासाठी धातूचे प्रमाण एखाद्या स्थिर मूलद्रव्याने भागतात. अनेक जण त्यासाठी लोह घेतात. जिथे खाणीतून लोहच ओतले जाते तिथे लोहाने भागणे म्हणजे मोजपट्टीच ताणण्यासारखे आहे. समृद्धी गुणांक (संदर्भाच्या तुलनेत धातू किती पट आहे ते सांगणारी संख्या) कृत्रिमरीत्या कमी येतो आणि गाळ स्वच्छ दिसतो. इथे ॲल्युमिनियमने भागावे. तेही निर्दोष नाही, कारण जांभ्यात ॲल्युमिनियमही भरपूर असते, पण निदान प्रश्नाचे उत्तर प्रश्नातच दडवले जात नाही.

खाजनकाठ

जांभा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग तिसऱ्या, कालवे, शिनाणे या शिंपल्यांतल्या खाद्य जीवांचे काय? गाळातला धातू त्यांच्यात जातो की नाही, हे गाळाच्या एकूण आकड्यावरून कळणारच नाही, असा याचा अर्थ होतो का?

कलिल

बरोबर, एकूण आकड्यावरून ते कळत नाही. त्यासाठी गाळ टप्प्याटप्प्याने अधिकाधिक तीव्र रसायनांत टाकून प्रत्येक टप्प्यावर किती धातू सुटला ते पाहतात. १९७९ साली मांडलेल्या पद्धतीत असे पाच भाग आहेत: सहज बदली होणारा, कार्बोनेटला बांधलेला, लोह-मँगनीज ऑक्साइडांना बांधलेला, सेंद्रिय द्रव्य व सल्फाइडांना बांधलेला, आणि खनिजाच्या जाळीत अडकलेला अवशिष्ट भाग. एखाद्या ठिकाणी क्रोमियम १५० पीपीएम असून त्यातला बहुतेक अवशिष्ट असेल, तर त्यापेक्षा जिथे कॅडमियम अर्धा पीपीएमच आहे पण सहज सुटणाऱ्या रूपात आहे, ती जागा मला अधिक चिंतेची वाटेल.

द्विपुटी जीव पाणी गाळून खातात, त्यामुळे गढूळ पाण्यात कण त्यांच्या पोटात जातातच. पोटातले वातावरण किंचित आम्लधर्मी असते आणि पाचकरस पहिल्या काही भागांतले धातू काढून घेतात; हेमॅटाइटचा कण बहुतांशी जसाच्या तसा बाहेर पडतो. पण त्याच कणावर काल-परवा बसलेल्या ताज्या लोह-हायड्रॉक्साइडच्या लेपात जस्त किंवा शिसे असेल तर ते मिळू शकते. म्हणजे खनिजाची धूळ स्वतः निरुपद्रवी असूनही दुसरीकडून आलेल्या धातूंची वाहक होऊ शकते. यार्डातले तांबे आणि डोंगरावरचे लोह यांची भेट याच गढूळ पट्ट्यात होते. भरतीओहोटी यांनी स्रोत वेगळे करायला सांगितले ते योग्यच, पण पाण्यात ते वेगळे राहत नाहीत.

ढवळण्याचा परिणामही सांगतो. काळा, सल्फाइडयुक्त गाळ बार्जच्या पंख्याने किंवा ड्रेजिंगने (तळ उपसल्याने) एकदम वर आला की त्यातले लोहाचे सल्फाइड काही मिनिटांत ते तासांत ऑक्सिडीकृत होते. त्यातून धातू सुटतात, आणि त्याच वेळी तयार होणारे ताजे लोह-हायड्रॉक्साइड त्यांतल्या पुष्कळांना परत पकडते. हे झेलणे शिशाच्या बाबतीत चांगले जमते, कॅडमियम आणि जस्त यांच्या बाबतीत कमी. लोहसमृद्ध गाळाचा हा एक अनपेक्षित लाभ आहे आणि तो मान्य केला पाहिजे. तो कायमचा नाही, कारण तेच हायड्रॉक्साइड पुन्हा गाडले गेले की क्षपणाचे चक्र नव्याने सुरू होते.

जांभा

इथे ब्राझीलचे उदाहरण उपयोगी पडेल. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना शहराजवळचे फुंडाव हे लोहखनिजाच्या टाकाऊ चिखलाचे धरण फुटले. १९ माणसे गेली, आणि चिखल दोसी नदीतून सहाशेहून अधिक किलोमीटर वाहत महिनाअखेरीआधी समुद्राला भिडला. तोही चिखल मुख्यतः लोहाच्या ऑक्साइडांचा होता, म्हणजे आपल्यासारखाच सल्फाइड नसलेला. सुरुवातीला तो रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय आहे असे मत मांडले गेले. नंतरच्या वर्षांत नदीमुखाच्या पाणथळ मातीत तिथल्या संशोधकांना लोहाच्या ऑक्साइडांचे क्षपण होऊन मँगनीज आणि इतर धातू सुटताना आढळले. चिखल आल्याच्या दिवशी जे मोजले ते त्याच्या पुढच्या आयुष्याबद्दल पुरेसे सांगत नव्हते.

स्पेनमधल्या तिंतो नदीशी मात्र आपली तुलना करू नये. तिथे पायराइटच्या खाणी आहेत, पाणी अतिशय आम्लधर्मी आहे आणि धातू विरघळलेल्या रूपातच खाडीत येतात. खाणीमुळे होणारे धातुप्रदूषण म्हणजे आम्लयुक्त तांबडे पाणी, हे चित्र बहुधा तिथून आलेले आहे. मांडवी-जुवारीची अडचण कणांची आहे, आम्लाची नाही.

प्रयोगवही

प्रयोगशाळेत गाळाचे नमुने तपासण्याचे काम करतो, म्हणून मोजणीबद्दल लिहितो. वेगवेगळ्या प्रबंधांतले आकडे शेजारी ठेवून "धातू दुप्पट झाले" असे लिहिलेले अनेकदा वाचण्यात येते. त्याआधी गाळ कशात विरघळवला होता, ते पाहावे. हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरले तर सिलिकेटच्या जाळीतले धातूही मोजले जातात. अम्लराजाने (हायड्रोक्लोरिक व नायट्रिक आम्लांच्या मिश्रणाने) ते पूर्ण सुटत नाहीत आणि क्रोमियमच्या बाबतीत फरक फार मोठा येतो. त्याचप्रमाणे एकाने पूर्ण गाळ घेतला आणि दुसऱ्याने ६३ मायक्रॉनच्या चाळणीखालचा बारीक भाग घेतला, तर ते दोन आकडे तुलनेला बसत नाहीत. प्रमाणित संदर्भ नमुन्याचा (ज्यातले धातूंचे प्रमाण आधीच ठाऊक असते त्याचा) निकाल सोबत दिलेला नसेल तर मी तो तक्ता बाजूला ठेवतो.

गढूळपणाबाबतही सावधगिरी हवी. टर्बिडिटी मीटर प्रकाशाचे विखुरणे मोजतो, गाळाचे वजन नव्हे. हेमॅटाइटचे कण गडद आणि जड असतात, त्यामुळे तोच एनटीयू (गढूळपणाचे एकक) आकडा पांढरट मातीच्या आणि तांबड्या खनिजाच्या पाण्यात वेगवेगळे वजन दाखवतो. त्याच ठिकाणचे पाणी गाळणकागदातून गाळून, वाळवून, वजन करून मीटर जुळवून घ्यावा लागतो, आणि हे जुळवणे पावसाळ्यासाठी आणि उन्हाळ्यासाठी वेगवेगळे करावे लागते.

विरघळलेल्या धातूंसाठी पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढतात. गढूळ पाण्यात ही गाळणी लवकर तुंबते आणि तिची छिद्रे प्रत्यक्षात लहान होतात, मग कलिल कण अडतात आणि धातू कमी दिसतो. पाणी जितके गढूळ तितकी गाळणी लवकर बदलावी.

भरतीओहोटी

२०२२ च्या अखेरीस लीजचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोलीत उत्खननही पुन्हा सुरू झाले. मग आता, मालाची वाहतूक पूर्वीच्या प्रमाणावर जाण्याआधी, नेमके काय मोजून ठेवले पाहिजे? आपण सर्वांनी मिळून ते एकदा स्पष्ट लिहावे, असे सुचवतो.

नदीमुख (धागालेखक)

वरच्या सगळ्या प्रतिसादांतून जे निघते ते असे. नमुने वर्षातून निदान दोनदा हवेत, एकदा एप्रिल-मेमध्ये आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, कारण दोन्ही वेळचा गढूळपणा वेगळ्या कारणांनी येतो. प्रत्येक वेळी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला आणि अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या भरतीलाही पाणी घ्यावे. या किनाऱ्यावर उधाणाचा उतारचढाव २.३ मीटरच्या आसपास असतो आणि भांगाचा १.५ मीटरच्या, आणि तेवढ्या फरकाने तळ ढवळला जाण्याचे प्रमाण बदलते. ठिकाणे निवडताना जेटीच्या वरची बाजू, जेटी, कुंभारजुवे कालवा, एखादे यार्ड, चोडणची खारफुटी, एखादे खाजन आणि दोन्ही मुखे यांतले काहीही सुटू नये. खाणपट्ट्याबाहेरच्या एखाद्या उपनदीचा गाळ संदर्भासाठी हवाच, नाहीतर जांभा यांनी सांगितलेला जांभ्याचा प्रश्न पुन्हा उभा राहील.

गाळात ॲल्युमिनियम, लोह, मँगनीज यांसह इतर धातूंची एकूण मोजणी, त्याच नमुन्यांवर टप्प्याटप्प्याची विलगीकरण मोजणी, आणि काळ्या थरातल्या पाण्यातील विरघळलेले मँगनीज व लोह पाहावे. काळा गाळ हवेत उघडा पडला की त्यातली सल्फाइडे प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच बदलतात, म्हणून तो नायट्रोजनमध्ये बंद करून न्यावा. काही नमुने गोठवून राखून ठेवावेत, म्हणजे दहा वर्षांनी नवी पद्धत आली तर त्यावर लावून पाहता येईल.

खाजनकाठ, आपल्या मानशीच्या आतला गाळ यात समाविष्ट करता आला तर फार उपयोग होईल. दार उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा तुम्ही लोक नोंदवून ठेवता का?

खाजनकाठ

दार भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, त्यामुळे वेळा कोणी लिहून ठेवत नाही. मासेमारीसाठी रात्री भरतीचे पाणी मुद्दाम आत घेतात, त्याची माहिती मात्र मानशीचे काम पाहणाऱ्याकडे असते. भाताच्या लावणीआधी खारे पाणी बाहेर ठेवतात, म्हणून जूनपासून आतला गाळ वेगळ्या पाण्याखाली असतो, हे नमुने घेताना लक्षात ठेवावे लागेल. मेमधला नमुना पाणी पूर्ण उतरल्यावर, पोयच्या (मानशीच्या आतल्या पाण्याच्या कुंडाच्या) मधल्या भागातून घेणे सोपे जाईल. प्लास्टिकचा चमचा आणि झाकणाचे डबे कोणत्या मापाचे हवेत, ते कळवावे.

प्रयोगवही

चमचा जाड पॉलिएथिलीनचा, धातूचा अजिबात नको. डबे अर्ध्या लिटरचे, आधी दहा टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून शुद्ध पाण्याने खळबळून घेतलेले असावेत. ते मी तयार करून देतो. तांबडा वरचा थर आणि काळा खालचा थर वेगळ्या डब्यांत भरावा, काळ्याचा डबा काठोकाठ भरून आत हवा राहू न देता मिटावा, आणि नमुना घेतल्यापासून दोन्ही बर्फात ठेवावेत.